शेवटच्या पानाचा माणूस

मी जन्माचा संशयी. दूध घेताना दुधाकडे कमी आणि दूधवाल्याच्या तोंडाकडे जास्त पाहतो. एसटीत बसल्यावर गाडी तिकडेच जाते ना, हे कंडक्टरला दोनदा विचारतो. वर्गात एखाद्या मुलाचं गणित बरोबर आलं की मला आधी त्याच्या शेजाऱ्याची वही आठवते. बायको म्हणायची, तुम्हाला देवळात उभं केलं तर देवालाही खरंच तुम्हीच का म्हणून विचाराल. असेना का. या स्वभावाने मला काय काय मिळवून दिलं ते सांगता यायचं नाही, पण एक माणूस मात्र त्याच्यामुळेच पुरता भेटला. ते म्हणजे गभणे काका.

सत्तरच्या दशकाचा मधला सुमार असेल. मी अड्याळच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायला नवीन आलो होतो. गावात एक सार्वजनिक वाचनालय होतं, म्हणजे एक खोली, चार कपाटं, दोन बाकं आणि भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. तिथली पुस्तकं फार फाटतात, पानं जातात, अशी मंडळींची तक्रार होती. माझी कीर्ती आठ दिवसांत पसरली असावी, कारण नवव्या दिवशी मला वाचनालयाचा सहचिटणीस करण्यात आलं. काम एकच, लक्ष ठेवणं. असं काम मला कोणी फुकटातसुद्धा दिलं असतं तर मी आनंदाने केलं असतं, आणि ते फुकटच होतं.

पहिल्या दिवशी गेलो तेव्हा टेबलापलीकडे एक उंच, वाळका माणूस बसला होता. बिनकॉलरचा सदरा, कानामागे पेन्सिल, चष्म्याच्या एका काडीच्या जागी दोरा. मी खिशातून शाळेचा एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तोंड माझ्याकडे होतं कागदाचं. तर हा माणूस पलीकडून शांतपणे म्हणाला, "दुसऱ्या ओळीत तुमचं नाव चुकलं हाये, सर. तपासून पाहा ना."

मी तपासून पाहिलं. चुकलेलं होतं. मी कागद घडी घालून खिशात टाकला आणि त्या क्षणापासून त्या माणसावर माझा डोळा बसला. जो माणूस समोरच्याचा कागद उलटा वाचतो, तो आणखी काय काय वाचत असेल?

पुढे कळलं की या गभणे काकांनी नागपूरच्या एका छापखान्यात वीसेक वर्षं खिळे जुळवले होते. शिशाच्या अक्षरांचा चेहरा उलटा असतो. उलटं वाचता वाचता त्यांना सुलटंच जरा जड जाऊ लागलं होतं. मग डोळे अधू झाले, मालकाने नव्या दमाचा माणूस घेतला, आणि काका गावी परत येऊन वाचनालय सांभाळू लागले. नखांच्या कडांतली शाई मात्र गेली नव्हती. बोलता बोलता त्यांचा अंगठा आणि तर्जनी हवेतून काहीतरी उचलत राहायची. मला आधी वाटलं तंबाखूची सवय असेल. नंतर लक्षात आलं, समोरचा माणूस जे बोलतोय ते काका बोटांनी जुळवून घेत असतात.

गावात कोणाकडेही लग्न निघालं की पत्रिकेचा कच्चा कागद काकांकडे यायचा. न आला तर छापलेली पत्रिका पेन्सिलीच्या खुणांनिशी यजमानाकडे परत जायची. पुस्तक आवडलं नाही तर ते वाईट म्हणत नसत. "पानं भरली नुसती," एवढंच म्हणायचे, आणि ते पुस्तक खालच्या कप्प्यात जायचं. आणि काहीही विचारलं तरी शेवटी तेच, "तपासून पाहा ना, सर." माझा आजवरचा अनुभव असा की प्रामाणिक माणूस तपासायला सांगत नाही, उलट तपासलं तर रागावतो. हा रागावत नव्हता. म्हणजे पाणी कुठेतरी मुरतच होतं.

ते कुठे मुरतंय हे मला तापात कळलं. चार दिवस अंथरुणात होतो म्हणून वाचनालयातून एक रहस्यकथा मागवली. त्या काळी मुंबईहून दर महिन्याला एका मालिकेचं नवं पुस्तक यायचं. गुप्तहेर विश्वंभर हा तिचा नायक. काळा कोट, मोठी गाडी, बंद खोलीतला मुडदा, सगळं रीतसर. त्याच्या ऑफिसात सुलोचना नावाची एक टायपिस्ट होती. ती प्रत्येक पुस्तकात दोनदा फाइल आणायची, एकदा चहा आणायची आणि संकटात किंचाळायची. गावात या पुस्तकांवर उड्या पडत. मी वाचत वाचत शेवटाशी आलो, पान उलटलं, तर पुढची सहा पानं हाताने लिहिलेली.

अक्षर इतकं नेटकं की आधी छापीलच वाटलं. ओळी मोजून मारल्यासारख्या, समास सारखे, वर पानाचा आकडासुद्धा. कागद पुस्तकाच्या मापाने कापून तांदळाच्या पिठाच्या लेईने चिकटवलेला. आणि त्या सहा पानांत खुनी सापडला होता तो विश्वंभरला नाही, सुलोचनाला. मेलेल्या शेटजीच्या टेबलावरच्या पत्रावर टाइप केलेलं एक अक्षर जरा खाली बसतं, हे तिने पाहिलं होतं. टायपिस्टशिवाय कोणाच्या लक्षात येणार ते? मी तापात उठून बसलो. शेवट चोख होता. मला त्याचाच राग आला.

बरा होऊन गेलो तो थेट काकांपुढे उभा राहिलो. "हे काय आहे?"

"पानं फाटली होती, सर."

"मग?"

"मंग काय? वाचनाऱ्याले दोनशे पानं पळवाचं अन् खुनी कोन ते सांगाचंच नाही? पाप लागते ना जी. म्हून मी लिवलो."

"पण तुम्हाला खरा शेवट कसा माहीत?"

"खरा माहीत नाही. विश्वंभर माहीत हाये. त्याच्या ऑफिसात मी किती वर्साचा बसून राहिलो हावो, तपासून पाहा ना."

मी कपाटं उघडून तपासलंच. विश्वंभराची तीस-बत्तीस पुस्तकं होती. त्यांतल्या अकरांना हाताने लिहिलेला शेवट होता. बाकीच्या कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं सगळी शाबूत. मला सांगा, पुड्या बांधायला कागद नेणारा शेंगदाणेवाला फक्त विश्वंभराचीच पानं फाडेल का? आणि तीही फक्त शेवटची?

मी संशयितांची यादी केली. शेंगदाणेवाला, एक शिंपी, पुढच्या वाचकाचा हिरमोड करण्यात आनंद मानणारा एक तलाठी. काकांचं नाव मी यादीत सर्वांत खाली लिहिलं होतं, कारण रहस्यकथांमध्ये तसंच असतं. मग मी काकांच्या हालचालींवर पाळत ठेवली. दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला ते वाचनालयाला कुलूप लावून, सदऱ्याखाली काहीतरी दाबून धरून, तलावाकडच्या गल्लीत जायचे ते चारला परत. सदऱ्याखाली काय, आणि गल्लीत कोण? मनात नाही नाही ते आलं, ते इथे लिहीत नाही. एका शनिवारी शाळा सकाळची होती. मी मागोमाग निघालो.

गल्लीच्या टोकाला वत्सला हटवार या बाईंचं घर होतं. समोरच्या लांब सपरीत, म्हणजे ओसरीत, दहा-बारा बाया बिड्या वळत बसल्या होत्या. मांडीवर सुपं, सुपात तेंदूची कापलेली पानं, बोटं भराभरा चाललेली. मधे वत्सलाबाई. तिशीच्या असतील, सातवीपर्यंत शिकलेल्या, आणि त्या सपरीत वाचता येणाऱ्या तेवढ्याच. त्यांच्या हातात सूप नव्हतं, काकांनी सदऱ्याखालून आणलेलं पुस्तक होतं. त्या मोठ्याने वाचत होत्या आणि बाकीच्या वळता वळता ऐकत होत्या. त्यांच्यात रीतच होती. वत्सला वाचत असेपर्यंत प्रत्येकीने आपल्या वळलेल्यांतल्या थोड्या बिड्या तिच्या सुपात टाकायच्या, म्हणजे तिचा दिवसाचा वाटा भरून निघायचा. काका खांबाला टेकून, डोळे मिटून बसले होते. फक्त अंगठा आणि तर्जनी हलत होती.

मी कोपऱ्यावर उभा राहून ऐकत होतो. सुलोचनाने फाइल आणली, असं वाक्य आलं. लगेच एक म्हातारी म्हणाली, "आनली का वो पुन्हा? त्या पोरीले बाकी काही कामच नाही का?"

"अवो, तिले समजते सारं," दुसरी म्हणाली. "गप राह्यते बिचारी. बोलाले गेली तं नोकरी जाईन ना."

"तो विश्वंभर तिले बस म्हनते का कधी? उभीच ठेवते. पाय दुखत नसन का तिचे?"

काकांनी डोळे उघडले नाहीत, पण कानामागची पेन्सिल काढून तळहातावर काहीतरी टिपलं. पुढच्याच आठवड्यात मी नवा हस्तलिखित शेवट वाचला. त्यात सगळा उलगडा करण्याआधी सुलोचना खुर्ची ओढून घेते आणि विश्वंभरसमोर बसते. एवढंच वाक्य. "सुलोचना बसली." त्या सपरीत ते वाचलं गेलं तेव्हा, वत्सलाबाईंनी मला पुढे सांगितलं, सगळ्यांचे हात थांबले होते, आणि ती म्हातारी पदराने डोळे पुसत "बसली माय एकदाची" म्हणाली होती.

पण त्या शनिवारी माझा संशय निवळला नव्हता. काका निघून गेल्यावर मी पुढे झालो आणि वत्सलाबाईंना विचारलं, "या पुस्तकांचे शेवट हाताने लिहिलेले असतात, हे तुम्हाला विचित्र नाही वाटत?"

त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जसं मीच काही अडाणी विचारलं. "तसेच येते ना जी मुंबईहून. शेवट छापत नाही. छापखान्यातल्या लोकाइले खुनी कोन ते समजलं तं ते साऱ्याइले सांगून देतीन ना. म्हून शेवट हातानंच लिवून धाडते."

सगळ्या बायांनी माना हलवल्या. मी काकांना हे सांगितलं तेव्हा ते खोकला लागेस्तोवर हसले. "बरोबर हाये, सर. मी छापखान्यातला. सांगूनच देत होतो साऱ्याइले."

त्यांच्या हसण्यात सामील व्हावंसं वाटत होतं. पण पानं कोण फाडतो हा प्रश्न अजून तसाच होता, आणि आता यादीत एकच नाव उरत चाललं होतं.

पुढच्या महिन्याचं पार्सल आलं ते मी स्वतः फोडलं. विश्वंभराचं नवं पुस्तक होतं. शेवटचं प्रकरण पूर्ण आहे हे पाहिलं, ते न वाचता प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक ठिपका दिला, आणि पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावायला लावलं. किल्ली काकांच्या कमरेला. कोणालाही पुस्तक द्यायचं नाही, असं सांगितलं. पाचव्या दिवशी कपाट उघडवलं. ठिपक्यांची पानं नव्हती. त्यांच्या जागी लेईने चिकटवलेली आठ नवी पानं होती, अजून जराशी ओलसर.

"काका," मी म्हणालो, "ही पानं कोणत्या वाचकाने फाडली?"

ते उठले, दार लोटून घेतलं, आणि खालच्या कप्प्यामागून एक पत्र्याची पेटी काढून माझ्यापुढे ठेवली. आत लिफाफे होते. प्रत्येकावर पुस्तकाचं नाव, पानांचे आकडे. आत कापून काढलेली छापील पानं, एकावर एक नीट रचलेली. पट्टी लावून पात्याने कापली होती, ओरबाडलेली नव्हती.

"पहिली दोन पुस्तकं खरंच फाटून आली होती," ते म्हणाले. "देवाशप्पथ. तेव्हा लिवलो. वत्सलानं वाचलं, बाया खूश झाल्या. तिसरं पुस्तक धड आलं, सर. शेवट वाचलो मी त्याचा. नुसती पानं भरली होती. सुलोचना किंचाळली अन् विश्वंभरनं तिले उचलून आनलं. हे मी कसं जाऊ देऊ त्या सपरीत? कापलो. पन फेकलो नाही. छापलेलं फेकाले माहा हात उठत नाही. कोन्यातरी कंपोझिटरनं उभ्यानं जुळवलं असन ते."

"हे वाचनालयाच्या मालमत्तेचं नुकसान आहे, काका. चोरी आहे."

"हाव," ते म्हणाले. मग सर्वांत वरचा, नवा लिफाफा काढून माझ्या हातात दिला. "पन हे एकदा वाचून घ्या. मंग जे कराचं ते करा. तुमी म्हनान तं हेच परत चिकटवतो, अन् किल्ली तुमच्या हाती देतो."

मी घरी जाऊन ती ठिपक्यांची पानं वाचली. मुंबईच्या लेखकाला बहुधा सुलोचनाचा कंटाळा आला होता. या शेवटात तीच फितूर निघत होती. इतकी वर्षं विश्वंभरच्या फाइली चोरून शत्रूला देणारी तीच. विश्वंभर तिच्या तोंडावर हसतो, पोलीस तिला केसांना धरून नेतात, आणि शेवटच्या ओळीत नवी टायपिस्ट चहा घेऊन येते. मी संशयी माणूस. कोणी फितूर निघालं की मला बरं वाटायला हवं होतं. मला त्या सपरीतली म्हातारी दिसत राहिली आणि जेवण गेलं नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात जिल्ह्याहून वाचनालयाची तपासणी लागली. पुस्तकांत फेरफार सापडला असता तर काकांची किल्ली गेली असती, हे सांगायला कोणी नको होतं. पगार नावालाच होता, त्याची त्यांना फिकीर नव्हती. पण किल्ली गेली की पुस्तकं गेली, पुस्तकं गेली की बुधवार-शनिवार गेले. काकांनी या आठ दिवसांत मला एकदाही काही विचारलं नाही. कपाटं पुसत राहिले. तोंडातलं "तपासून पाहा ना" मात्र बंद झालं होतं, आणि त्याच्याशिवाय मला त्या खोलीत करमेना.

साहेब आले. जाडजूड, घामाघूम, सगळ्या कपाटांवरून नजर फिरवणारे. रजिस्टर पाहिलं, शिक्के पाहिले. मग त्यांचा हात जो गेला तो सरळ विश्वंभराच्या नव्या पुस्तकावर. "अरे वा, हे आलं का तुमच्याकडे?" म्हणत त्यांनी चाळायला घेतलं. शेवटाकडे आले. थांबले. पान डोळ्यांजवळ नेलं. काका भिंतीला लागून उभे होते, हाताची बोटं एकदम स्थिर. मी त्यांची बोटं अशी स्थिर कधी पाहिली नव्हती.

"पण यात तर ती सुलोचनाच फितूर असते ना?" साहेब म्हणाले. "मी वाचलंय हे. आणि हे हाताने लिहिलेलं काय आहे?"

मी गणिताचा मास्तर. दोन आणि दोन चार सोडून आयुष्यात दुसरं काही सांगितलं नव्हतं. पण तोंडातून शब्द आले ते असे, "दुसरी आवृत्ती आहे, साहेब. सुधारून वाढवलेली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला स्वतःच्याच तोंडावरचा भाव ओळखीचा वाटला, कॉपी करताना सापडलेल्या पोराचा. त्यांनी पुस्तक बगलेत मारलं आणि जेवायला निघून गेले. त्या दोन तासांत काका आणि मी समोरासमोर बसून होतो. काकांनी एकदाच विचारलं, "काहून केलं, सर?" मी म्हणालो, "मला काय माहीत!" आणि खरंच माहीत नव्हतं.

साहेब परतले, पुस्तक टेबलावर ठेवलं, शेरेबुकात "पुस्तकांची निगा उत्तम" असं लिहून सही केली. दारात वळून एवढंच म्हणाले, "दुसरी आवृत्ती बरी आहे. पहिलीत त्या पोरीवर अन्यायच झाला होता."

त्यानंतर काकांनी छापील पान कापलं नाही. तशी गरजही राहिली नाही. वर्षभरात मुंबईची मालिकाच बंद पडली आणि काका साध्या वह्यांत विश्वंभराच्या अख्ख्या कथा लिहू लागले. त्या आता खरं म्हणजे सुलोचनाच्याच कथा होत्या. विश्वंभर हळूहळू फाइली आणू लागला होता. मी एकदा म्हटलं, "काका, एखादी वही छापायला पाठवा. वर तुमचं नाव येईल."

"कंपोझिटरचं नाव असते का कुठं पुस्तकावर?" ते म्हणाले. "अन् सुलोचना काही मी पैदा केली नाही, सर. त्या मुंबईवाल्यानंच आनली. त्यानं उभी ठेवली, मी बसवलो. एवढंच."

त्यांना याचं काय मिळालं, असं कोणी विचारलं तर मला एकच गोष्ट माहीत आहे. बायांनी एका पोळ्याला त्यांना लाल दोऱ्याने बांधलेला एक बिड्यांचा कट्टा दिला होता. दहाजणींनी मिळून वळलेला, पानं निवडून घेतलेली. काका बिडी ओढत नव्हते. तो कट्टा त्यांनी वाचनालयात आपल्या खुर्चीमागे, चांगल्या पुस्तकांच्या कप्प्यात ठेवला होता. ते चोरून ओढतात की काय म्हणून मी त्यावरही नजर ठेवून असायचो. कितीतरी वर्षं त्याची गाठ सुटलेली नव्हती.

मग माझी बदली झाली, पार नाकाडोंगरीला. जिल्हा तोच, पण दुसरं टोक. काकांची पत्रं यायची, अक्षर प्रत्येक पत्रात मोठं होत गेलं. शेवटी एका कार्डावर चारच शब्द मावले होते. "सर, एकदा येऊन जा." ऐंशीचं दशक निम्मं झालं असेल. वत्सलाबाईंनी आता वाचनालयाची किल्ली सांभाळायला घेतली होती, काकांना दिसणं जवळजवळ थांबलं होतं.

मी पोचलो तो शनिवार होता. काका सपरीत खाटेवर बसले होते, खांबाऐवजी भिंतीला टेकून. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मी हातात हात दिला तर त्यांनी माझी बोटं चाचपली. "वाचून घेतलो तुमाले," म्हणाले.

मग हळूच, बायांना ऐकू जाऊ नये असं, "बरं झालं आजच आले. शेवटची वही हाये. मी आता संपवलो, सर. सुलोचना ऑफिसाले कुलूप लावते, किल्ली समुद्रात फेकते अन् निघून जाते. दिसत नव्हतं तरी लिवलो. कोनीतरी संपवालेच पायजे ना. मी गेल्यावर बाया वाट पाहात बसतीन, ते बरं नाही."   हा माणूस आपल्या हातानेच आपलं सगळं बंद करून घेत होता.

वत्सलाबाई वाचायला बसल्या. केस पांढरे होऊ लागले होते. बायांतल्या काही नव्या होत्या, ती म्हातारी नव्हती. एकेक बिडी त्यांच्या सुपात पडू लागली. कथा शेवटाशी आली. सुलोचनाने ऑफिसाचे दिवे मालवले. दार ओढलं. कुलूप हातात घेतलं. वत्सलाबाईंनी पान उलटलं.

"...तेवढ्यात आत फोन वाजला," त्या वाचू लागल्या. "सुलोचना थांबली. तिनं कुलूप पर्समध्ये टाकलं, आत गेली, आपल्या खुर्चीवर बसली आणि फोन उचलला."

मी एकदम वाकून वहीकडे पाहिलं. त्या पानावरचं अक्षर काकांचं नव्हतं. गोल, शाळकरी, ओळी सोडून वर-खाली जाणारं. आधीच्या पानाच्या कडेला कापलेला कागद दिसत होता. पट्टी लावून कापलेला. सपरीत तांदळाच्या लेईचा वास येत होता आणि तो मला आल्यापासून येत होता. या बाईने कधीकाळी मला शेवट हाताने लिहूनच येतात म्हणून सांगितलं होतं, आणि तिला ते खरंच तसं वाटतं, असं मी मानलं होतं. मी, जन्माचा संशयी.

काकांचा अंगठा आणि तर्जनी हवेत थांबली होती. सपरीत सगळे हात थांबले होते.

"वत्सला," ते म्हणाले, "पान फाटलं होतं का वो?"

वत्सलाबाईंनी वर पाहिलं नाही. "हाव काका. फाटलंच होतं."

काकांनी हात पुढे केला. वत्सलाबाईंनी वही त्यांच्या मांडीवर ठेवली. काकांनी बोट त्या जोडावरून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवलं, जसं ते पूर्वी जुळवलेल्या ओळीवरून फिरवत असतील. दोनदा फिरवलं. मी पाहत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण दुःख नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

"लेई पातळ झाली तुई," ते म्हणाले. "पुढच्या खेपेले जरा घट्ट कर. अन् थांबू नोको आता, वाच. फोनवर कोन होतं?"